गिअर बदलणारा हात : स्पोर्ट्स कारमधील मॅन्युअल व दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सच्या निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना एक सोयीची मांडणी वारंवार केली जाते. एखादे जुने साधन असते, त्याहून कार्यक्षम असे नवे साधन येते आणि जुने क्रमाक्रमाने मागे पडते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात या मांडणीची मर्यादा दाखवून दिली. शोध कधी लागला यापेक्षा कोणते साधन कोण, कोठे आणि किती काळ वापरीत राहिले याकडे इतिहासकाराने लक्ष द्यावे, असा त्याचा आग्रह आहे. हा आग्रह तपासून पाहण्यासाठी मोटारीच्या गिअरबॉक्सचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

२०१३ साली जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ‘९११ जीटी३’ या मोटारीची नवी आवृत्ती सादर केली. शर्यतीच्या मैदानाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी ही मोटार प्रथमच केवळ दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससह मिळू लागली. क्लचचे पायडल आणि हाताने चालवायचा गिअरदांडा दोन्ही काढून टाकण्यात आले. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय सरळ होता, कारण नवी पेटी मोजता येईल अशा प्रत्येक कसोटीवर वेगवान होती. मात्र २०१६ साली त्याच कंपनीने ‘९११ आर’ ही मोटार काढली, ती केवळ मॅन्युअल गिअरबॉक्ससह. आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये ग्राहकाला दोहोंपैकी कोणतीही पेटी निवडता येऊ लागली. स्वतःच्या मोजमापानुसार कमी प्रतीचे ठरलेले साधन एखाद्या कंपनीने चार वर्षांत परत का आणावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. दुहेरी क्लचची यंत्ररचना समजून घेणे त्यासाठी आवश्यक आहे. परंतु लेखाचा मुख्य विषय ‘निवड’ हा आहे.

मॅन्युअल पेटीचे कौशल्य आणि त्याची झीज

पेट्रोल इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच उपयुक्त जोर देते. म्हणून इंजिन व चाके यांच्यामध्ये वेगवेगळ्या प्रमाणांची दंतचक्रे ठेवावी लागतात, आणि एका प्रमाणातून दुसऱ्या प्रमाणात जाताना इंजिन क्षणभर चाकांपासून तोडावे लागते. हे तोडण्या-जोडण्याचे काम क्लच करतो. आरंभीच्या मोटारींत फिरती दंतचक्रे एकमेकांवर सरकवून जुळवावी लागत. दोहोंची गती जुळली नाही तर दात घासले जात व कर्कश आवाज होई. म्हणून चालक क्लच दोनदा दाबून मध्ये न्यूट्रलमध्ये एक्सलरेटर देत असे. ‘डबल क्लच’ या नावाने ही रीत पुढे जुन्या ट्रकचालकांमध्ये दीर्घकाळ टिकली. कान, पाय आणि हात यांचा मेळ घालणारे हे एक शारीर कौशल्य होते आणि ते सवयीनेच येत असे.

या कौशल्याची पहिली मोठी झीज दुहेरी क्लचमुळे झालेली नाही. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत अर्ल थॉम्प्सन याने विकसित केलेली ‘सिंक्रोमेश’ रचना आली. दंतचक्रे एकमेकांत अडकण्यापूर्वी घर्षणाच्या साह्याने त्यांची गती जुळवून घेण्याचे काम या रचनेने आपल्याकडे घेतले. पोर्शेने स्वतःची वेगळी सिंक्रोमेश कडी विकसित केली, १९५२ पासून ‘३५६’ मध्ये ती वापरली आणि इतर उत्पादकांनाही तिचे परवाने दिले. आज ज्या मॅन्युअल गिअरबॉक्सला ‘शुद्ध’ म्हणून गौरविले जाते, त्यातील निम्मे कसब अशा प्रकारे यंत्राने फार पूर्वीच उचलले आहे. शुद्धतेच्या चर्चेत ही बाब सहसा विसरली जाते. सिंक्रोमेश नसलेल्या मोटारीचा चालक आजच्या मॅन्युअलप्रेमी चालकाकडे कोणत्या नजरेने पाहील, याची कल्पना करणे कठीण नाही.

येथे आणखी एका प्रयोगाची नोंद आवश्यक आहे. १९६७ साली पोर्शेने ९११ साठी ‘स्पोर्टोमॅटिक’ ही अर्धस्वयंचलित पेटी आणली. तिच्यात क्लचचे पायडल नव्हते. चालकाने गिअरदांड्याला हात लावताच विजेच्या स्विचमार्फत निर्वात यंत्रणा क्लच सोडवीत असे. त्याच वर्षी नुर्बुर्गरिंग येथे झालेली ‘माराथों द ला रूत’ ही ८४ तासांची सहनशक्तीची शर्यत व्हिक एल्फर्ड, हान्स हेर्मान व योखेन नीरपाश यांनी जिंकली, ती स्पोर्टोमॅटिक बसविलेल्या ९११ आर या मोटारीतून. हातात दांडा असला तरी पायाखाली क्लच नसलेल्या त्या मोटारीचे नाव २०१६ साली पोर्शेने पुन्हा वापरले, तेव्हा ते मॅन्युअल पेटीच्या पुनरागमनाचे प्रतीक म्हणून मिरविले गेले. परंपरेची निवड वर्तमानाच्या सोयीने होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही; तरीही हे उदाहरण फारच बोलके आहे.

दोन क्लचची कल्पना

दुहेरी क्लचची कल्पना आडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याच्या नावाशी जोडली जाते. केग्रेस हा रशियाच्या झारच्या मोटारखान्यात नोकरीस होता. बर्फावरून चालण्यासाठी मागील चाकांऐवजी पट्टे असलेल्या मोटारी त्याने तेथे बनविल्या. क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला आणि सित्रोएन कंपनीच्या आफ्रिका व आशियातील गाजलेल्या मोहिमांसाठी त्याची पट्ट्यांची वाहने वापरली गेली. १९३९ च्या सुमारास त्याने दोन क्लच असलेल्या पेटीची कल्पना मांडली. पुढे युद्ध आले आणि १९४३ साली केग्रेसचे निधन झाले. कल्पना कागदावर राहिली.

तत्त्व सोपे आहे. विषम क्रमांकाचे गिअर (१, ३, ५) एका दंडावर आणि सम क्रमांकाचे गिअर (२, ४, ६) दुसऱ्या दंडावर बसविलेले असतात. प्रत्येक दंडाला स्वतंत्र क्लच असतो. मोटार तिसऱ्या गिअरमध्ये धावत असताना चौथा गिअर दुसऱ्या दंडावर आधीच टाकून ठेवता येतो. गिअर बदलण्याच्या क्षणी एक क्लच सुटत जातो आणि त्याच वेळी दुसरा पकडत जातो. त्यामुळे चाकांकडे जाणारा जोर खंडित होत नाही. एका कंदिलाची वात पुरती विझण्यापूर्वी दुसरा पेटवून ठेवावा, तशी ही युक्ती आहे. अडचण तत्त्वात नव्हती, नियंत्रणात होती. पुढचा गिअर वरचा हवा की खालचा याचा आधीच अंदाज बांधणे आणि दोन क्लचचा दाब सेकंदाच्या अंशात तोलणे, हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाशिवाय व्यवहारात उतरणे शक्य नव्हते.

ते १९८० च्या दशकात उतरले. पोर्शेने ‘डोपेलकुप्लुंग्सगेट्रीब’, म्हणजे संक्षेपाने ‘पीडीके’, ही पेटी ९५६ व ९६२ या शर्यतीच्या मोटारींवर तपासली. यामागील कारण लक्षणीय आहे. टर्बो इंजिनात गिअर बदलताना एक्सलरेटर सोडला की टर्बोचा दाब कोसळतो आणि तो पुन्हा चढण्यास वेळ लागतो. दुहेरी क्लचमध्ये एक्सलरेटर सोडावाच लागत नाही. १९८६ साली मोन्झा येथील जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत हान्स-योआखिम श्टुक व डेरेक बेल यांनी पीडीके बसविलेल्या ९६२ मधून विजय मिळविला. परंतु पेटी जड होती, त्या काळातील संगणकीय नियंत्रण अपुरे होते, आणि रस्त्यावरच्या मोटारीपर्यंत ती पोचण्यास आणखी दोन दशके लागली.

दरम्यान सामान्य प्रेक्षकांच्या मनातील ‘शर्यतीची पेटी’ बदलली ती फॉर्म्युला वनमुळे. जॉन बर्नार्ड यांनी फेरारी ६४० मध्ये स्टिअरिंगमागील पट्ट्या ओढून गिअर बदलण्याची योजना केली आणि २६ मार्च १९८९ रोजी रिओ दे जानेरो येथे नायजेल मॅन्सेलने या मोटारीचा पहिलाच सामना जिंकला. या पेटीत दोन क्लच नव्हते. तरीही तिने एक सामाजिक कार्य केले : स्वयंचलित पेटी म्हणजे आरामाची, वयस्कांची मोटार, ही समजूत तिने मोडली. १९९७ च्या फेरारी एफ३५५ पासून रस्त्यावरच्या खरेदीदारालाही त्या पट्ट्या मिळू लागल्या.

२००३ नंतरची निवड

२००३ पूर्वी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यासमोर खऱ्या अर्थाने निवड नव्हती, असे म्हणावे लागते. तेलाच्या माध्यमातून जोर पोचविणाऱ्या जुन्या स्वयंचलित पेट्या मंद व अधिक इंधन पिणाऱ्या होत्या. वेग हवा असेल तर मॅन्युअल, आराम हवा असेल तर ऑटोमॅटिक, अशी सरळ विभागणी होती. २००३ साली फोक्सवॅगन गोल्फ आर३२ व त्यामागोमाग ऑडी टीटी यांत ‘डीएसजी’ ही दुहेरी क्लचची पेटी मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात प्रथमच आली आणि ही विभागणी कोसळली. आता स्वयंचलित पेटीच वेगवान होती. बुगाटी वेरॉन (२००५) आणि निसान जीटी-आर (२००७) या मोटारींना मॅन्युअल पर्याय दिलाच गेला नाही. पोर्शे ९११ मध्ये पीडीके २००८ साली आली. २००९ च्या फेरारी ४५८ इटालियापासून त्या घराण्याच्या मध्यवर्ती मोटारीतून जाळीदार धातूच्या खाचांतून फिरणारा प्रसिद्ध गिअरदांडा नाहीसा झाला.

या काळातील वाहनविषयक लेखनात स्टॉपवॉच हा जवळजवळ एकमेव साक्षीदार बनला. याला कारण आहे. सेकंद मोजता येतात, छापता येतात, त्यांची तुलना करता येते. तळपायाला क्लच कोठे ‘पकडतो’ हे जाणवणे, वळणापूर्वी टाचेने एक्सलरेटर व चवड्याने ब्रेक एकाच वेळी दाबून खालचा गिअर टाकणे, या गोष्टींची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. ज्याची नोंद होत नाही ते निर्णयप्रक्रियेतून गळते, हे प्रशासकीय कागदपत्रांवर काम करणाऱ्या इतिहासकाराला ठाऊकच असते. २०१३ चा जीटी३ चा निर्णय हा अशा नोंदींच्या आधारे घेतलेला तर्कशुद्ध निर्णय होता.

त्यानंतर जे घडले ते त्या तर्कात बसत नाही. एकनिष्ठ ग्राहकांच्या एका वर्गाने नाराजी उघड व्यक्त केली. २०१५ साली केमन जीटी४ केवळ मॅन्युअल पेटीसह आली. २०१६ ची ९११ आर फक्त ९९१ नगांत बनली आणि वापरलेल्या मोटारींच्या बाजारात तिला मूळ किमतीच्या कितीतरी पट अधिक भाव येऊ लागला. २०१७ च्या जीटी३ चे कंपनीने दिलेले आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत : शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास पीडीकेला ३.४ सेकंद, तर मॅन्युअलला ३.९ सेकंद लागत; मॅन्युअल मोटार १७ किलो हलकी होती (१,४१३ विरुद्ध १,४३० किलो) आणि तिचा कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे पीडीकेपेक्षा दोनने अधिक होता. अर्ध्या सेकंदाचा तोटा छापील स्वरूपात समोर असताना ग्राहक मॅन्युअल मागत होते. अज्ञानामुळे त्यांनी हे केले, असे म्हणण्यास येथे वाव नाही.

याचा अर्थ असा की निवडीचा निकषच बदलला होता. मॅन्युअल पेटी जोपर्यंत वेगवान होती तोपर्यंत ती चालविण्यातील आनंद हा वेगाचा आनुषंगिक लाभ होता, आणि त्याला स्वतंत्र नाव देण्याची गरज कोणाला भासली नाही. दुहेरी क्लचने वेग काढून घेतल्यावर मागे जे उरले ते प्रथमच स्वतंत्रपणे दिसू लागले. सहभाग, चुकण्याची शक्यता, आणि चूक टाळल्याचे समाधान एवढाच तो ऐवज होता. छायाचित्रणानंतर चित्रकलेचे जे झाले त्याच्याशी याचे साम्य सुचते. मात्र ते फार ताणू नये, कारण चित्रकाराने नवे विषय शोधले आणि मॅन्युअलच्या चालकाला तोच गिअर तसाच टाकायचा आहे.

या कथेला एक वर्गीय बाजू आहे आणि ती उत्साही लेखनात दडून राहते. विसाव्या शतकात मॅन्युअल पेटी ही युरोपातील सर्वसामान्य माणसाची होती. साध्या मोटारींतून ती आज कमी होत असताना मर्यादित संख्येच्या महागड्या मोटारींत ती मुद्दाम जपली जात आहे. खुद्द गोल्फ जीटीआय या मध्यमवर्गीय स्पोर्ट्स कारमधून २०२४ च्या सुधारित आवृत्तीत मॅन्युअल पेटी काढून टाकण्यात आली. होंडा सिव्हिक टाइप आर सारखे अपवाद आहेत. तिने दुहेरी क्लच कधी स्वीकारलाच नाही. परंतु एकूण कल पाहता हातमागाच्या कापडासारखी गत दिसते : रोजच्या वापरातून गेलेली वस्तू दुर्मीळ झाल्यावर श्रीमंताच्या कपाटात परतते.

दुहेरी क्लचचा विजयही निर्वेध राहिला नाही. वीस वर्षांपूर्वी मंद समजल्या गेलेल्या तेलमाध्यमाच्या स्वयंचलित पेट्या इतक्या सुधारल्या की बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये दुहेरी क्लच सोडून आठ गिअरची तशीच पेटी स्वीकारली. पुढे एम३ मध्येही तेच झाले, आणि तेथे सोबत मॅन्युअलचा पर्याय मात्र कायम राहिला. दोघांच्या स्पर्धेत मधला नवा भिडू बाहेर पडावा व सर्वांत जुना टिकावा, हा क्रम सरळ प्रगतीच्या मांडणीत बसत नाही.

चाकण व शेंद्रा : भारतीय संदर्भ

या इतिहासाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ रस्त्यांपुरता नाही, तो उत्पादनाचाही आहे. पुण्याजवळील चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. २०१३ साली याच कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय ही मोटार सात गिअरच्या दुहेरी क्लचसह बाजारात आली. तिला मॅन्युअल पर्याय नव्हता. परवडणाऱ्या किमतीत हे तंत्र भारतीय चालकाच्या हाती देणाऱ्या आरंभीच्या मोटारींपैकी ती एक होती. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथून बाहेर पडणाऱ्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसची वाटचाल याच दिशेने झाली : २००० च्या दशकातील आरएस मॅन्युअल होती, २०१७ ची केवळ डीएसजी.

त्याच २०१३ या वर्षी कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या पेटीबाबत मोठा प्रश्न उद्भवला. मार्चमध्ये चीनमध्ये ३,८४,१८१ मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. वर्षअखेरीस पेटीतील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल घालण्यासाठी जगभरातील सुमारे १६ लाख मोटारींबाबत तशीच मोहीम जाहीर झाली. या घटनेपलीकडे एक यांत्रिक मर्यादा आहेच. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या वाहतुकीत कोरडा क्लच सतत ‘हाफ क्लच’ अवस्थेत राहतो व तापतो. अनुभवी चालक मॅन्युअल मोटारीत अशा वेळी पुढच्या गाडीपाशी थोडी जागा सोडून थांबतो आणि मग एकदम पुढे जातो. यंत्राला पुढची गर्दी दिसत नाही. हिंजवडी किंवा सायन येथील संध्याकाळच्या वाहतुकीसाठी मात्र डावा पाय मोकळा असणे हीच मोठी गोष्ट वाटते, आणि तेही खोटे नाही.

चाकणमध्ये पुढे घडलेली गोष्ट जीटी३ च्या प्रकरणाची लहान प्रमाणातील आवृत्ती वाटावी अशी आहे. २०२२ साली आलेल्या व्हर्टस या सेडानची दीड लिटर इंजिनाची आवृत्ती आरंभी केवळ डीएसजीसह होती. २०२३ साली तिला सहा गिअरची मॅन्युअल पेटी देण्यात आली. त्याच वर्षी ह्युंदाईने आय२० एन लाइन या मोटारीतील क्लचपायडलविरहित ‘आयएमटी’ पेटी काढून तिच्या जागी नेहमीची मॅन्युअल पेटी बसविली, दुहेरी क्लच मात्र कायम ठेवला. टाटांनी अल्ट्रोझला २०२२ साली दुहेरी क्लच दिला होता. परंतु २०२४ ची अल्ट्रोझ रेसर ही वेगाचे नाव धारण करणारी आवृत्ती मॅन्युअलच ठेवली.

येथे युरोपचे विवेचन जसेच्या तसे लागू करणे चुकीचे ठरेल. जीटी३ चा खरेदीदार मॅन्युअल मागतो तेव्हा तो अधिक पैसे वाचवीत नसतो. व्हर्टसचा खरेदीदार मॅन्युअल घेतो तेव्हा त्याचे लाखाहून अधिक रुपये वाचतात. भारतात मॅन्युअल हे अजूनही स्मरणरंजन झालेले नाही. ज्या मोटारीवर तो वाहन चालविण्यास शिकला, तीच रीत तो पुढे नेत असतो. त्यामुळे चाकणच्या एकाच उत्पादनात एका ग्राहकासाठी काटकसर आणि दुसऱ्यासाठी हौस, असे दोन अर्थ एकत्र नांदतात. विक्रीच्या आकड्यांवरून ते वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी चालकांच्या मौखिक मुलाखतींसारखी साधने वापरावी लागतील. मराठीत या दिशेने काम होणे अगत्याचे आहे.

स्टॉपवॉचकडे परतताना

२०२१ साली जीटी३ ने पीडीकेसह नुर्बुर्गरिंगच्या २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीस ६ मिनिटे ५९.९२७ सेकंद घेतले होते. २०२५ साली तिच्या सुधारित आवृत्तीने ही फेरी ६ मिनिटे ५६.२९४ सेकंदांत पूर्ण केली, आणि ती मोटार मॅन्युअल होती. यावरून मॅन्युअल पेटी पुन्हा वेगवान झाली असा निष्कर्ष काढता येणार नाही. टायर, निलंबन व वायुगतिकी यांतील सुधारणांचे हे श्रेय आहे. परंतु ज्या अर्ध्या सेकंदासाठी २०१३ साली गिअरदांडा काढून टाकला गेला, त्याहून मोठा फरक इतर घटकांनी सहज भरून काढता येतो, एवढे त्यावरून दिसते. आपल्या विक्रमासाठी कंपनीने या वेळी मॅन्युअल मोटार पुढे करावी, यातही २०१३ च्या भूमिकेपासूनचे अंतर मोजता येते.

विजेच्या मोटारीला बहुधा एकच गिअर पुरतो, त्यामुळे हा सारा वादच निरर्थक होईल असे अनेकांचे भाकीत होते. २०२३ साली ह्युंदाईने आयोनिक ५ एन ही विजेवरील स्पोर्ट्स कार आणली. तिच्यात स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या आहेत. त्या ओढल्या की संगणक मोटरचा जोर क्षणभर तोडतो, हिसका देतो आणि ध्वनिवर्धकातून इंजिनाच्या बदलत्या फेऱ्यांचा आवाज काढतो. ज्या पेटीचे हे अनुकरण आहे ती आठ गिअरची दुहेरी क्लचची पेटी होय. जोर खंडित होऊ नये म्हणूनच ती जन्माला आली होती.